ठोका उशिरा येतोय, पण येतोय

ताई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. सकाळचा चहा दोन कपांत गाळून मी हाक मारली, उत्तर आलं नाही म्हणून आत गेले, तर ती कुशीवर झोपल्यासारखी... हात गार. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई, मला नाडीतलं काय कळतंय? तरी तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसले. ती असती तर म्हणाली असती, "मीने, पूर्ण एक मिनिट मोज, अर्ध्यावर सोडू नकोस." म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. काहीच नव्हतं. मग तिच्या कपावर बशी झाकली आणि फोन करायला बसले.

तेव्हापासून माणसं येताहेत. बडोद्यात आमच्या ओळखीची मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, ती सगळी आली; सोसायटीतले गुजराती शेजारी आले; तिने शिकवलेले, आता स्वतःच म्हातारे झालेले डॉक्टर आले. आणि चटईवर बसता बसता दर तिसऱ्या माणसाने एकच वाक्य ऐकवलं. "त्या वेळी ते हृदयाचं मशीन बसवून घेतलं असतं तर..." गुजरातीत तर ते फारच सफाईने येतं, "मशीन मुकाव्युं होत तो आजे बेठां होत." बसवलं असतं तर आज बसल्या असत्या! मी ताडकन उत्तर द्यायची, "ताईच्या हृदयाला काही झालं नव्हतं. दुखणं पित्तनळीचं होतं. मशीन कशाला बसवायचं, शोभेला?" माणसं पाणी पिऊन उठायची. मागून "मोठी तशीच धाकटी" म्हणत असतील, म्हणू देत. हे उत्तर मी चार आठवडे सर्वांना दिलं. पाचव्या आठवड्यात त्यातला अर्धा घास मला परत गिळावा लागला. तो का, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे. पण त्याआधी ताई कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही चटईवरच्या मंडळींसारखंच बोलाल.

शालिनी तिचं नाव. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आजोबा गायकवाडी पलटणीत हवालदार, वडील रेल्वेत कारकून, आई लवकर गेलेली. गुजरात वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी ताई मॅट्रिक होऊन मेडिकल कॉलेजच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. हुद्दा अटेंडंटचा, म्हणजे खरं तर बाटल्या धुण्याचा. पण तिथे पहिल्या वर्षाची मुलं बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत आणि तो प्रयोग मांडणं ही एक कारागिरीच होती. पितळी पिंपावर गुळगुळीत कागद ताणून चिकटवायचा, रॉकेलच्या धुरावर तो फिरवून फिरवून एकसारखा काळाकुट्ट करायचा, मग बेडकाच्या हृदयाला दोऱ्याने एक हलकी काडी बांधायची आणि तिचं टोक त्या काजळीला जेमतेम टेकवायचं. हृदय धडधडलं की काडी वरखाली होते, पिंप संथ फिरतं आणि काळ्यावर पांढरी नक्षी उमटत जाते. काडी जास्त दाबली तर कागद फाटतो, कमी दाबली तर काहीच उमटत नाही. मोठमोठ्या प्रोफेसरांना हे जमायचं नाही. ताईला दोन महिन्यांत जमलं. मग कागद राळेच्या द्रावात बुडवून ती दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची. मी शाळेतून तिला डबा द्यायला जायची तेव्हा ते काळे कागद बघून मला वाटायचं, इथे कुणाचं तरी सुतक चाललंय.

पुढे ती टेक्निशियन झाली आणि चाळीस वर्षांत तिच्या टेबलावरून किती डॉक्टर गेले याची गणतीच नाही. परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षकसुद्धा आधी विचारत, "शालिनीबेन छे ने?" तिचा दरारा वेगळाच. एकदा एक मुलगा टेबलावरच्या बेडकाकडे बघून फिदीफिदी हसला. ताईने त्याच्या हातातली काडी काढून घेतली. "हा मेलाय, तरी त्याचं हृदय काम करतंय. तू जिवंत आहेस, तुझं काय चाललंय?" पोरगा लाल झाला. आठवडाभर बिचारा सगळ्यांच्या आधी येऊन पिंपं पुसत होता.

लग्नाचं म्हणाल तर एकच स्थळ शेवटपर्यंत आलं. मुलगा इंजिनियर, माणसं पुण्याची. मुलाच्या आईने पोहे खाता खाता नाजूकपणे विचारलं, "ते बेडकांचं वगैरे... हाताला वास येत असेल, नाही?" ताई म्हणाली, "येतो ना. बेडकाचा येतो, रॉकेलचा येतो, आणि शनिवारी राळेचा पण येतो." वडिलांनी कपाळाला हात लावला. मंडळी येतो म्हणून गेली ती गेलीच. वडील चार दिवस बोलले नाहीत, पण पाचव्या दिवशी तिच्यासाठी हाताला लावायला व्हॅसलीनची बाटली घेऊन आले. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. मी मात्र लग्न केलं, संसार केला, नवरा गेल्यावर तिच्याकडेच राहायला आले, आणि मग आम्ही दोघी म्हाताऱ्या कडाकडा भांडत मजेत राहिलो.

आता पित्ताकडे येते. तिच्या प्रयोगांत एक प्रयोग असा होता की बेडकाच्या धडधडत्या हृदयावर पित्तातल्या क्षारांचे थेंब टाकायचे. मी तो एकदा पाहिला आहे. आधी कागदावर दाट, उंच रेघा येत होत्या, कणसावरच्या दाण्यांसारख्या. थेंब पडले आणि रेघा विरळ होऊ लागल्या, बुटक्या होऊ लागल्या, दोन रेघांमधलं अंतर वाढत गेलं... मला वाटलं, संपलं! ताईने शांतपणे मिठाच्या पाण्याने हृदय धुतलं. दोन मिनिटांत रेघा परत उंच. "बघ मीने, हृदयाचं काही बिघडलं नव्हतं. त्याच्यावर पित्त सांडलं होतं. धुतलं की येतं." हे "धुतलं की येतं" तिचं आवडतं वाक्य होतं. विद्यार्थ्यांना ती सांगायची की माणसाची पित्तनळी तुंबली तर हेच होतं, पित्त आतड्यात जायचं सोडून रक्तात चढतं आणि रक्ताबरोबर हृदयापाशी पोहोचतं. मुलं वहीत लिहून घेत आणि विसरून जात. पुढे बेडूक बंद झाले, पिंपं भंगारात गेली, संगणकावर खोटं हृदय धडधडू लागलं. त्याच सुमारास ताई निवृत्त झाली. निरोपसमारंभाला तिने भाषण केलं नाही, फक्त शेवटचं पिंप स्वतः धुऊन ठेवलं.

सहा वर्षांपूर्वी, ती पंच्याहत्तरची असताना, तिच्या अंगाला खाज सुटली. मी म्हटलं साबण बदल, ती म्हणाली उन्हाळा आहे. तीन आठवडे आम्ही साबणावरून भांडलो. जिने जन्मभर पित्त शिकवलं तिला स्वतःचे पिवळे डोळे आरशात दिसले नाहीत, आणि मला समोर बसून दिसले नाहीत. ते दिसले कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या कमुबेनला. मेथीची जुडी हातात देता देता ती थांबली. "अरे बेन, तमने तो कमळो थयो छे! आंख तो जुओ!" कमळो म्हणजे कावीळ. ताई तिथेच खो खो हसत सुटली. म्हणाली, "घ्या! चाळीस वर्षं फुकट गेली माझी."

दवाखान्यात जायचं सोडून आम्ही आधी पादरा गावाच्या बाजूला एका काकांकडे गेलो, ही चूक माझी. ते कावीळ उतरवतात असं शेजारणीने सांगितलं होतं आणि मी हटूनच बसले. ताई म्हणाली, "चल, तुझी हौस भागव." काकांनी तिच्या हाताला कसलासा रस चोळला, मंत्र पुटपुटले, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंधम्मक! बसलेली माणसं हात जोडायला लागली, मीही जोडले. ताईने माझा हात धरून पुढे केला. "काका, हवे आनो पण उतारो." आता हिचीही उतरवा! काका चपापले, पण नाही कसं म्हणणार? माझ्या हाताला तोच रस, तोच चुना, आणि पाणी तेवढंच पिवळं. मला तर कावीळ नव्हती! ताई तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जिला रोग नाही तिच्यावर पण करून बघायचं असतं, त्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही." काका चांगला माणूस होता, रागावला नाही. त्याने विचारलं, "बेन, तमे डॉक्टर छो?" ताई म्हणाली, "ना. डॉक्टरोने भणावनारी." डॉक्टरांना शिकवणारी! दक्षिणा ठेवून ती ताठ मानेने बाहेर पडली, आणि परतीच्या एसटीत, बडोदा दिसायला लागलं न लागलं तोच माझ्या खांद्यावर कोसळली.

रस्त्यावर जे पहिलं मोठं इस्पितळ लागलं तिथे कंडक्टरने आणि दोन प्रवाशांनी तिला पोहोचवलं. मिनिटाला बेचाळीस ठोके. तपासण्या सुरू झाल्या, तारा लावल्या, आणि हृदयाचे मोठे डॉक्टर, डॉ. परीख, पन्नाशीच्या आतबाहेरचे गृहस्थ, मला बाजूला घेऊन फार सौजन्याने म्हणाले की हृदयाची गती धोकादायक आहे, मशीन, म्हणजे पेसमेकर, बसवावं लागेल, आणि कावीळ आहे तिचं नंतर बघू. ताई ग्लानीत होती, म्हणून नातेवाइकाची सही हवी. फॉर्म पुढे आला, पेन हातात आलं. काय सांगू... जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर फटाफट सह्या केलेल्या मला त्या कागदावर पहिलं अक्षर काढायला अर्धं मिनिट लागलं. दुसऱ्या अक्षराला काना देत होते तेवढ्यात मागून खोल गेलेला आवाज आला, "मीने, काय लिहितेस?"

"मशीनची सही. गप पडून राहा."

"कागद दाखव."

"अगं, तो सहीचाच—"

"तो नाही. हृदयाचा. रेघा दाखव मला."

डॉ. परीखांनी समजूत घालावी तशी ती लांबुळकी पट्टी तिच्या डोळ्यांपुढे धरली. ताईने ती स्वतःच्या हातात घेतली. चष्मा नव्हता, माझा लावला. सलाईनच्या सुईचा हात, त्या हाताचं बोट एकेका रेघेवरून सरकत गेलं. "हे बघा डॉक्टर. प्रत्येक मोठ्या टोकाच्या आधी हा छोटा उंचवटा आहे. एकदाही चुकलेला नाही. ठोका गळत नाहीये. उशिरा येतोय, पण येतोय. याच्या तारा तुटलेल्या नाहीत, याच्यावर पित्त सांडलंय. आधी पित्ताची वाट मोकळी करा." डॉक्टर पट्टीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे, आणि एकदम त्यांचा चेहरा कॉलेजातल्या पोरासारखा झाला. "शालिनीबेन? ड्रमवाळां शालिनीबेन? मारो देडको तमे ज पकडी आपेलो!" ताई म्हणाली, "बेडूक पकडून दिला होता, तरी तू काडी जास्तच दाबली होतीस."

पण ओळख निघाली म्हणून ते विरघळले असं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बेचाळीस म्हणजे बेचाळीस, आणि रात्रीत काही झालं तर जबाबदारी त्यांची. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. ताई म्हणाली, "गंधक मागवा." रिपोर्टमध्ये कावीळ होतीच, पण कावीळ म्हणजे नुसता पिवळा रंग, तो हृदयाला काही करत नाही, हृदयाला झोपवतात ते पित्तातले क्षार, आणि ते पकडायची जुनी पद्धत तिला पाठ होती. साध्या लघवीवर गंधकाची पूड भुरभुरवली तर ती तरंगत राहते, लघवीत पित्तक्षार असले तर बुडते. मी रिक्षाने मांडवीच्या बाजारात गेले, काष्ठौषधीच्या दुकानातून पन्नास ग्रॅम पूड आणली. दुकानदाराने विचारलं, "खरजवा माटे?" मी म्हटलं, "हृदय माटे." परत आल्यावर ताईने नर्सकडून दोन ग्लास मागवले. एक तिच्यासाठी, दुसरा माझ्याकडे सरकवला. "तुझी पण दे." सहासष्टाव्या वर्षी, निवृत्त शिक्षिकेला, नर्सच्या देखत! पण पादऱ्याचा धडा ताजा होता, गुमान उठले. माझ्या ग्लासात पूड साईसारखी वर पसरली. ताईच्या ग्लासात टाकली आणि तिचे पिवळे कण शांतपणे, एकामागून एक, तळाला जाऊन बसले. डॉ. परीख खुर्ची ओढून खाली वाकून बघत होते. मग त्यांनी तो फॉर्म उचलून फाईलच्या मागे घातला, बाहेरून ठोका देणारं यंत्र तिच्या उशाशी तयार ठेवलं आणि पोटाच्या डॉक्टरांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा काढला. हरभऱ्याएवढा. आणि इथे ताई चुकली, तेही सांगते, कारण ती असती तर चुकलेला प्रयोग लपवू दिला नसता. तिला वाटलं होतं धुतलं की येतं, दोन मिनिटांत! नळी मोकळी झाल्यावर तासाभरात तिचा रक्तदाब कोसळला. डॉ. परीखांना त्याची कल्पना होती, सलाईन जोडलेलंच होतं, म्हणून निभावलं. त्यावरही शहाणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी "आता आलंय" म्हणत एकटीच पलंगावरून उतरली आणि धाडकन पडली. डॉक्टर रागावले तेव्हा म्हणाली, "मी बेडूक नाही हे मला आज कळलं." बेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले, मग पंचावन्न, मग चौसष्ट, आणि सहाव्या दिवशी बहात्तर. रेघा दाट झाल्या. मशीन लागलं नाही. ताईने ती शेवटची पट्टी मागून घेतली आणि घरी येताना रिक्षात माझ्या हातावर टिचकी मारून म्हणाली, "दीड अक्षराची फितूर!" पुढे सहा वर्षं मी काही चुकले, दूध उतू गेलं, किल्ली हरवली, की हेच ऐकायचं. दीड अक्षराची फितूर.

तर हा माझ्या उत्तराचा आधार. मशीन नाकारणं हा काही म्हातारीचा हट्ट नव्हता, त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांत बरोबर तीच होती, आणि हे डॉ. परीख आजही दहा माणसांत सांगतात. "बिचाऱ्या, ऑपरेशनला घाबरल्या," असं म्हणणाऱ्यांना मी सोडणार नाही. घाबरले होते मी.

पाचव्या आठवड्यात तिच्या साड्या कामाच्या बाईला द्यायला काढल्या. खाली एक जर्नल निघालं, विद्यार्थी प्रयोग लिहायला वापरतात तसलं. ताई रोज सकाळी चहाआधी काहीतरी लिहीत बसायची, मला वाटायचं शब्दकोडं सोडवते. ते शब्दकोडं नव्हतं. सहा वर्षांची रोजची नाडी होती, तारीखवार, तिच्या त्या टपोऱ्या अक्षरात. बहात्तर, सत्तर, चौऱ्याहत्तर, पानंच्या पानं. मी जमिनीवर फतकल मारून ती वाचत गेले, जसं काही ती समोर बसून सांगतेय. आणि शेवटची सहा आठवड्यांची पानं आली.

अठ्ठावन्न. एक्कावन्न. मग आकड्यापुढे शब्द सुरू झाले. "गंधक केला. तरंगला. पित्त नाही." चार दिवसांनी, "पुन्हा केला. तरंगला." मग, "ठोका गळतो. दर पाचवा." "चव्वेचाळीस. दर तिसरा गळतो. चक्कर, मीना देवळात होती." आणि त्याखाली रेघ मारून, निष्कर्ष लिहितात तसं, "या वेळी कारण हृदयातच आहे. धुऊन येणारं नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं! माझ्याबरोबर बसून वांगी चिरत होती, दूरदर्शनच्या बातम्यांना शिव्या देत होती, मला फितूर म्हणत होती, आणि तिला ठाऊक होतं. मी जर्नल घेऊन डॉ. परीखांकडे गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "बेन, आ वखते मशीन जोइतुं हतुं." या वेळी मशीन हवं होतं. तासाभराचं काम, दोन दिवसांत घरी. मी विचारलं, तिला हे कळलं असेल? ते म्हणाले, इतकी चोख नोंद माझे शिकाऊ डॉक्टरसुद्धा करत नाहीत. तिला पूर्ण कळलं होतं.

तेव्हा चटईवर बसून गेलेल्या सगळ्या मंडळींना, या लेखातून, माझं उत्तर दुरुस्त करून देते. तुमचं वाक्य बरोबर निघालं. मशीन बसवलं असतं तर आज ताई बसली असती. पण तुम्ही म्हणता ते मशीन वेगळं आणि ते दुखणं वेगळं. सहा वर्षांपूर्वीचं मशीन नको होतं आणि शेवटच्या सहा आठवड्यांतलं हवं होतं, आणि हे दोन्ही पहिल्यांदा ओळखलं ते पदवी नसलेल्या एका टेक्निशियन बाईने. तिला अडाणी म्हणायचं असेल तर माझ्या दारात येऊ नका. हट्टी म्हणा. हट्टी होतीच. मी तर गेले पंधरा दिवस तिच्याशी भांडते आहे, मोठ्याने, शेजारी ऐकतात. जन्मभर दुसऱ्यांच्या हृदयाच्या रेघा सगळ्यांना दाखवत हिंडलीस, मग स्वतःच्या तेवढ्या साड्यांखाली का दडवल्यास? मला विचारायचं तरी होतंस.

पण का विचारलं नाही, तेही तिने लिहून ठेवलंय. शेवटच्या पानावर, शेवटच्या आकड्याखाली, दोनच ओळी आहेत. "वय एक्क्याऐंशी. पुरे. मीनाला सांगू नये. सही करील."

हो, केली असती! दीड अक्षर नाही, अख्ख्या नावाची, आडनावासकट केली असती, तुझ्या नाकावर टिच्चून केली असती. तू सहा महिने माझ्याशी बोलली नसतीस, ताटावरून उठून गेली असतीस, येणाऱ्याजाणाऱ्याला माझी फितुरी सांगत बसली असतीस. बसायचंस. घरात तर असतीस.